सासूला पाणघोडा दाखवायचा बेत

११ जून

आज माझ्या आयुष्याच्या निकालाची तारीख ठरली आणि त्या वेळी मी होडीच्या तळातलं पाणी डब्याने उपसत होतो.

माझी नाबुकेरा पर्यटकांच्या कॅम्पच्या स्वयंपाकघरातून थेट धक्क्यावर आली. ती कधी येत नाही, तिला इथल्या चिखलाचा राग आहे. म्हणाली, "जुलैच्या सुरुवातीला आई येतेय. चर्चच्या बायकांबरोबर. आत्यापण आहे."

"कशाला?"

"पाणघोडा बघायला."

तिच्या आईच्या माहेरचं देवक पाणघोडा. पाणघोड्याचं मांस खायचं नाही, त्याला दगड मारायचा नाही, त्याला नावं ठेवायची नाहीत, हे सगळं ती बाई जन्मभर पाळत आली आणि पाणघोडा दिसतो कसा हे तिला माहीत नाही. मसाकाच्या बाजारात पाणघोडे फिरत नाहीत. चर्चच्या बायकांची सहल निघाली, कुठे जायचं विचारलं, तर आईने सांगितलं, म्बुरो तळ्यावर. तिथे आमची देवकाची माणसं राहतात.

"आणि मला बघायला कोण येतंय?" मी विचारलं.

"तसं कुणी म्हणालं नाही."

"पण बघणार."

"डोळे आहेत त्यांना. हे बघ लुबवामा, आई 'ये' म्हणाली तर तू मागणीचं पत्र घेऊन रीतसर घरी यायचं. नाही म्हणाली तर मी काय तुझ्यामागे पळून येणारी नाही. आत्याच्या डोक्यात तो सिमेंटच्या दुकानवाला आहेच."

सिमेंटवाल्याला मी पाहिलेलं नाही, पण तो जाडा असणार.

माझ्याकडे दाखवण्यासारखं काय आहे ते मी होडीत बसून आठवत होतो. चौथीत शाळा सोडली, तीही मास्तरांच्या आग्रहाखातर. बुवुमा बेटावरून निघालो तेव्हापासून विटा भाजल्या, चपात्या लाटल्या, मोटरसायकलवर लोक वाहिले, एका पाद्रीबाबाची डुकरं सांभाळली. एक काम हातात असलं की मला दुसऱ्याची खाज सुटते. इथेच काय तो टिकलो. मालकाला वाटतं मला तळं आवडतं. तळं काय, जन्मापासून तळंच बघतोय. इथे जेवायला नाबुकेरा वाढते.

१३ जून

बेत आखायला बसलो आणि पहिल्याच पायरीला अडलो.

बायकांची गाडी प्राण्यांच्या पार्कच्या आतल्या रस्त्यांवर चालायची नाही, म्हणून कॅम्पची उघडी जीप. ती बायारुगाबा चालवतो. तिथपर्यंत ठीक. पण पाणघोडे पाण्यात असतात. पाण्यात जायला होडी लागते. चालू होडी एकच आहे आणि ती चालवणारा माणूस म्हणजे मी.

आणि जावई सासूला घेऊन एका होडीत बसूच शकत नाही.

एका होडीत काय, एका वाटेवर समोरासमोर येऊ शकत नाही. सासू दिसली की जावयाने झाडामागे जायचं, जावई दिसला की सासूने तोंडावर कापड ओढून घ्यायचं. चुकून अंगाला अंग लागलं तर थरथर लागते, हात थरथरतात ते मरेपर्यंत थांबत नाहीत. माझ्या चुलत्याला लागली होती. फेरीबोटीत गर्दी होती आणि सासूचं कोपर त्याच्या बरगडीला लागलं असं सगळं बेट सांगायचं. तो सकाळी उठल्यापासून वारागी प्यायचा हेही सगळ्या बेटाला माहीत होतं, पण दारूच्या बाटलीला कोण दोष देतं? ती नात्यातली नाही.

बायारुगाबाला सांगितलं. तो इथला, अंकोलेचा, गुरं राखणाऱ्यांचा पोरगा. दूध पिऊन वाढला आणि आम्ही मासे खातो म्हणून आम्हाला माणसांत धरत नाही.

"सोपं आहे," तो म्हणाला. "होडीत मधे चादर टांग. पलीकडे सासू, अलीकडे तू."

"मग मला पुढचं कसं दिसणार?"

"मासेखाऊ, तुला रोज काय दिसतं? परवा त्या जर्मन जोडप्याला लाकडाचा ओंडका दाखवून मगर म्हणालास."

"ती मगरच होती."

"तिच्यावर पालवी फुटली होती."

१७ जून

चादर टांगून पाहिली.

स्वयंपाकघरातली मोठी चादर, दोन बांबू, काथ्या. धक्क्यापासून निघालो तेव्हा झकास दिसत होतं, जणू बिशपची होडी. मग तळ्यावर दुपारचा वारा सुटला आणि चादर शिडासारखी फुगली. इंजिन एकीकडे, चादर दुसरीकडे. होडी आडवी सरकत लव्हाळ्यात घुसली आणि लव्हाळ्यात एक म्हातारा पाणघोडा झोपलेला होता. त्याने एकदाच फुर्र केलं. बायारुगाबा माझ्यासोबत होडीत होता. तो बापजन्मात गुडघ्याच्या वर भिजलेला नाही, तरी होडीतून उतरून पळायच्या तयारीत होता.

"बस खाली! पाणी आहे!"

"मग हा काय जमिनीवर आहे?"

मालक धक्क्यावर उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. ते दर आठवड्याला म्हणतात. चादर गेली. नाबुकेरा म्हणते पाहुण्यांची होती.

१८ जून

काही नाही. रानरेडे आले, गेले.

२० जून

सापडलं! इतकं सोपं होतं की लाज वाटली.

मी अजून जावई कुठे आहे? पत्र गेलेलं नाही, घरी जाऊन ओळखीचा विधी झालेला नाही, तिच्या भावाने माझ्याकडून कोंबडा घेतलेला नाही. विधी होईपर्यंत मी त्या बाईचा कोणीही नाही! आणि कोणीही नसलेल्या माणसाच्या होडीत बसायला कुठल्या पूर्वजाची हरकत आहे? थरथर लागायला आधी नातं तर लागायला पाहिजे. मोठमोठे वकील कंपालामध्ये असली वाक्यं बोलून कोट घालून फिरतात, मी ते चड्डीवर केलं.

लगेच आत्याला फोन लावला. अशा गोष्टी तिच्याच मार्फत जातात.

"आत्याबाई, होडीचं टेन्शन घेऊ नका. आईंना सांगा, अजून काही झालेलं नाही, त्यामुळे मी त्यांचा कोणी लागत नाही. खुशाल माझ्या होडीत बसू दे त्यांना."

आत्याच्या मागे कोंबड्या ऐकू येत होत्या.

"असंच सांगू?"

"असंच. शब्द न् शब्द."

"बरं बाबा. तू म्हणतोस तर."

संध्याकाळी नाबुकेराला सांगितलं. ती मटोके शिजवायला कच्ची केळी सोलत बसली होती. हातातली सुरी थांबली.

"तू आत्याला हे बोललास?"

"हो."

"तुझं तू डोकं चालवून?"

"मग काय कुणाचं उसनं आणलं?"

ती पुन्हा केळी सोलायला लागली. फार जोरात सोलत होती, सालीबरोबर केळंही जात होतं. माझी हुशारी बघून बाईमाणूस थोडं गांगरतंच.

२१ जून

आत्याचा उलटा फोन. "निरोप दिला. वहिनी म्हणाली, बरं झालं पोराने स्पष्ट सांगितलं. आता ती मोकळ्या मनाने येईल."

मोकळ्या मनाने! मी बायारुगाबाला खांद्यावर उचलायला गेलो. तो म्हणाला, माशाचा वास येतोय, लांबूनच आनंद कर.

२६ जून

अडचण मिटली की बेत आखायला काय मजा येते. आज सगळा रस्ता जीपने फिरून ठरवला.

सकाळी ऊन चढायच्या आत जनावरं मीठ चाटायला येतात त्या चाटणीकडे, तिथे झेब्रे हमखास. मग जिराफांच्या टेकडीखाली थांबायचं. जिराफ नसले तर इथेच होते म्हणायचं. हत्ती आमच्याकडे नाही. सिंह नाही. आत्याने फोनवर सिंहाचं विचारलंच. बायारुगाबा म्हणाला, सांग तिला, एक आला होता, बायको मिळेना म्हणून वैतागून निघून गेला. मी हे सांगितलं नाही. ती म्हणायची, तुझा कोण लागत होता?

दुसरी गोष्ट म्हणजे गोमेसी. चर्चच्या बायका सहलीला गोमेसी नेसूनच येणार, खांद्यावर टोकं, कमरेला पट्टा, घोट्यापर्यंत घेर. गोमेसीतली बाई जीपच्या चाकावर पाय ठेवून चढत नसते. म्हणून लाकडी खोक्याला पायऱ्या ठोकल्या. मालकांनी विचारलं, हे काय. मी म्हणालो, बिबट्या बघायला. त्यांना पटलं.

तिसरी गोष्ट, आडोसा. इतक्या बायका, सबंध सकाळ आणि वाटेत चहा. कुठल्या झुडपामागे काय झोपलेलं असतं ते मला माहीत आहे, त्यांना नाही. तीन झुडपं नक्की केली, तिथे काठी आपटून आलो. एकात रानडुक्कर होतं. त्याला म्हणालो, दोन तारखेला इथे दिसू नकोस.

पहिल्या दिवशी जीप, दुसऱ्या दिवशी सकाळी होडी, तिसऱ्या दिवशी घरी. सासूचा पाणघोडा शेवटी ठेवला आहे. गोड पदार्थ शेवटीच वाढतात.

२ जुलै

आल्या! हात दुखतोय तरी सगळं लिहितो, असा दिवस पुन्हा येणार नाही.

गाडी ऊन पडायच्या आधी नको म्हटलं होतं, त्या उजाडल्यावर लगेच दारात. गाडीतून आधी गाणं उतरलं, मग बायका. आत्या ओळखू आली, आवाजावरून. तिच्यामागे उंच, सरळ पाठीची, जांभळ्या गोमेसीतली बाई. नाबुकेराचं नाक त्या चेहऱ्यावर बघून मला घाम फुटला. सवयीने मी पाण्याच्या टाकीमागे व्हायला निघालो होतो, पण ती तरातरा माझ्याकडेच आली आणि तिने हात पुढे केला.

"तूच का तो होडीवाला? नाव काय रे बाळा?"

दोन्ही हातांनी हात हातात घेतला तिने! मी वाकून नमस्कार केला. माझा हात थरथरला नाही. म्हणजे थरथरला, पण तो आनंदाने.

जीपमध्ये बायारुगाबाशेजारी मी बसणार होतो, कुठे काय आहे ते सांगायला. ती म्हणाली, मला पुढून छान दिसेल, सरक जरा. आणि बसली! मधे बोटभर जागा नाही. बायारुगाबाने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं, मग दिवसभर रस्त्याकडेच पाहिलं.

काय मोकळी बाई! झेब्र्याचा कळप बघून म्हणाली, "यांची धुणी कोण धुतं रे, एकाचाही पट्टा विरलेला नाही." जिराफ खरोखर होते, देवाची कृपा. एक मादी पाय फाकवून पाणी प्यायला वाकली तर ही म्हणते, "आत्याबाई, बघा, तुम्ही प्रार्थनेला बसता तशी." आत्या सोडून सगळ्या हसल्या.

वाटेत पिशवीतून भाजलेले शेंगदाणे काढले आणि आधी मला दिले. माझ्या तळहातावर, तिच्या मुठीतून. मी तिच्यासमोर खाल्ले. माझा चुलता बघता तर खुर्चीवरून पडता.

मग म्हणाली, "लग्न झालं का रे तुझं?"

मी लाजलो. "अजून नाही आई."

"बघतोयस का कुणी?"

मला कळलं ती कुठे नेतेय ते. मी म्हणालो, "एक आहे मनात."

"असू दे असू दे. धीर सोडू नको हं. देव मोठा आहे, तुलाही मिळेल कुणीतरी. आमच्याकडे चर्चमध्ये एक आहे, एका पायाने जराशी लंगडते, पण कामाला वाघ."

किती आडवळणाने बोलते! मी मोठ्याने हसलो, तीही हसली. मागून आत्याने माझ्या खांद्यावर थोपटलं, बिचाऱ्याला थोपटतात तसं हळुवार. मला वाटतं काम झालं. सासू खिशात आहे. सिमेंट गेलं पाण्यात.

तोच दिवस, अंधार पडताना

वर लिहिलेलं सगळं खोडणार होतो. पण खोडून काय होणार आहे?

भांडी घासायच्या नळावर गेलो, नाबुकेराला सांगायला. बायारुगाबा तिथेच उभा होता, तोंडातली काडी काढून म्हणाला, "तिने तुला हात दिला ना?"

"दोन्ही हातांनी!"

"शेजारी बसली."

"चिकटून."

"खायला दिलं, तुझं नाव विचारलं, तोंडाकडे बघून हसली."

"मग! तुला काय जळजळ होतेय?"

"मासेखाऊ," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती म्हणून मला भीती वाटली, "माझ्या मोठ्या भावाला त्याच्या सासूने कधी नीट पाहिलेलं नाही. तू विचार कर जरा." आणि तो जीप धुवायला निघून गेला. ती धुतलेलीच होती.

नाबुकेरा माझ्याकडे न बघता पातेलं घासत होती.

"माझ्या ताईच्या नवऱ्याला बघून," ती म्हणाली, "आई एकदा बाजारात टोमॅटोच्या टेबलाखाली शिरली होती. गोमेसीसकट. तिथेच बसून राहिली, बाजार उठेपर्यंत. वरून लोक टोमॅटो घेत होते. त्याचा चेहरा कसा आहे ते आजही ती सांगू शकणार नाही. पण घरातला सगळ्यात चांगला कोंबडा त्यालाच जातो. तो आजारी पडला तेव्हा दाराबाहेर पाठ करून बसली होती, रात्रभर, त्याचा खोकला ऐकत."

तिने पातेलं उलटं करून पाणी ओतलं.

"आणि तुझ्याशेजारी बसून शेंगदाणे खाल्ले. का नाही खाणार? तूच कळवलंस, मी तुमचा कोणी नाही. माझी आई ऐकणारी बाई आहे, लुबवामा. समोरच्याने जे सांगितलं ते तिने ऐकलं."

"तू त्याच दिवशी का नाही बोललीस?"

"मला बघायचं होतं तुला कधी कळतं ते."

"आता जाऊन सांगतो आईंना..."

"जा ना. समोर उभा राहा, तोंडाकडे बघ, आणि सांग की मी जावई आहे."

खरंच, तेही करता येत नाही. करता येतं ते एवढंच की उद्या तिच्या होडीत बसायचं नाही. पण मी नाही बसलो तर होडी नाही. होडी नाही तर पाणघोडा नाही. जन्मभर ज्याचा मान राखला तो एकदा बघायला बाई इतक्या लांब आली, आणि मी माझ्या लग्नासाठी तो अडवला तर मग मला सिमेंटवाल्याच्या दुकानात हमाल म्हणूनही ठेवू नये.

३ जुलै

सकाळी धक्क्यावर गेलो तेव्हा काय करायचं ते ठरलेलं नव्हतं. खोटं कशाला लिहू.

इंजिन सुरू केलं, सुकाणू धरलं. बायका एकेक करून चढल्या, गोमेसीवर नारिंगी जाकिटं बांधून, भोपळे भरल्यासारखी होडी. बायारुगाबा धक्क्यावर उभा राहून हात देत होता, स्वतः पाण्याकडे न बघता. शेवटी ती आली. बायारुगाबाचा हात सोडून दिला आणि माझ्याकडे हात केला.

"धर रे बाळा."

तो हात मी बघत राहिलो. आत्याही बघत होती. धरला असता तर दुपारपर्यंत सगळे खूश, मालक खूश, पाणघोडा खूश, आणि मी कोणी नाही.

मी पलीकडच्या बाजूने पाण्यात उडी टाकली.

पाणी कमरेएवढं, खाली चिखल त्याहून जास्त. एक चप्पल तिथेच राहिली. कुणीतरी बाई येशूचं नाव घेऊन किंचाळली. मी लव्हाळी धरत काठाला आलो, गवतात शिरलो आणि तळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. उडी मारताना होडीची ताडपत्री ओढली जाऊन डोक्यावर आली होती, ती तशीच राहू दिली.

"लुबवामा!" मालक. "उद्यापासून..."

"बायारुगाबा!" मी गवतातून ओरडलो. "होडीत बस!"

"मी?"

"सुकाणू धर! मी सांगतो तसं कर!"

"मासेखाऊ, मी गुरं हाकतो!"

"मग हीच गाय समज! इंजिन चालू आहे, दांडा तुझ्याकडे ओढ, नाक उजवीकडे जाईल!"

देवाशपथ, तो बसला. का बसला ते त्याला अजून विचारलेलं नाही, विचारलं तर तो गाईच्या शिव्या देईल. होडी निघाल्याचा आवाज आला. मी मागे वळलो नाही. एकदाही नाही. इंजिन कुठे आहे ते कानाने कळतं, लव्हाळ्याजवळ आवाज बसका होतो, मोकळ्या पाण्यावर पसरतो. त्यावरून ओरडत राहिलो.

"डावीकडे! तुझं डावं, ज्या हाताने दूध काढतोस तो नव्हे!"

"मी दोन्ही हातांनी काढतो!"

होडी गोल फिरायला लागली. बायकांनी स्तोत्र धरलं. एक कडवं झालं आणि होडी परत तिथेच. दुसरं कडवं, परत तिथेच. मग मी म्हणालो, दांडा सोड जरा, तिला मान मोकळी दे. हे त्याला कळलं. आवाज सरळ जायला लागला.

"आता गॅस कमी! आणखी कमी! पुढे काळे दगड दिसतात?"

"दिसतात!"

"दगडांना कान आहेत का बघ!"

मग बायारुगाबाचा इतका बारीक आवाज आला की मला वाटलं आत्या बोलली.

"आहेत."

"मग थांब. जवळ जायचं नाही. इंजिन बंद करू नको. आणि... आणि होडीत ज्या कोणी बघायला आल्या असतील, त्यांना म्हणावं डावीकडचा मोठा बघा. तो इथला म्हातारा आहे. त्याच्या पाठीवर बगळा बसतो, तो त्याला काही करत नाही."

स्तोत्र थांबलं. मी गवतात ताडपत्री पांघरून, एका पायात चप्पल, समोर एक झाड बघत उभा होतो. झाडावर एक माकड बसलं होतं. ते मला बघत होतं आणि मला जे बघायचं होतं तेही बघत होतं.

मग पाणघोड्याने जांभई दिली असावी. तो पाण्यातून दार उघडल्यासारखा आवाज मी ओळखतो. बायकांचा एकदम "आऽऽ" झाला. आणि त्यानंतर तिचं बोलणं, पाण्यावरून सरळ आलं:

"अगं बाई. हा तर आमच्या थोरल्या दादासारखा दिसतो!"

तिच्या हसण्यात मधेच दुसरं काहीतरी मिसळलं.

बायारुगाबा परत आला तो घामाने चिंब. "तिने काय केलं? माझं काही बोलली?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मी मरत होतो!" शर्ट पिळून म्हणाला, "एक मादी माझ्याकडे बघत होती."

दुपारी नाबुकेराला विचारलं. आई जेवली, म्हणाली, आणि तंबूत बसून आहे. तुझं नाव काढलं नाही. पाणघोड्याचंही नाही.

मालकांनी म्हटलं ते या वेळी खरं आहे की नेहमीचं, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी सामान बांधलं. सामान कमी असलं की बांधायला जास्त वेळ लागतो, काय घेऊ आणि काय नको ते ठरत नाही. सिमेंटचं दुकान बरं. रोज तिथेच असतं.

४ जुलै

आज त्या निघाल्या.

निरोप द्यायला समोर जायचं नाही हे तरी मला कळलं होतं. तंबूंकडून गाडीकडे जायच्या वाटेला एक उंच वारूळ आहे, त्याच्या मागे जाऊन बसलो. पावलं तरी ऐकू येतील म्हणून. बायका गेल्या, बॅगा गेल्या, गाणं गेलं. गाडीचा दरवाजा पुन्हा पुन्हा वाजत होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. कोणीतरी म्हणालं, चला हो, उशीर होतोय. कोणी हललं नाही.

मग आत्याचा आवाज. चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तसा.

"अहो, त्या वारुळामागे जो कोण असेल त्याने ऐकावं! नाबुकेराची आई तंबूशी अडकून पडली आहे. तिला गाडीपर्यंत जायचंय आणि वाट ही एकच आहे. तर त्याने मेहेरबानी करून डोळे मिटावेत आणि तोंड फिरवावं, म्हणजे ती बिचारी जाईल! आम्हाला मसाकाला पोचायचंय!"

मी डोळे मिटले. वारुळाला कपाळ टेकवलं. त्याने पुरेसं होईना म्हणून दोन्ही हात डोळ्यांवर दाबले. मुंग्या बाहीत शिरल्या, शिरू दिल्या.

पावलं आली. सावकाश नाही, घाईघाईने, गोमेसीचा घेर गवतावर घासत, जशी कोणी बिबट्या बघून पळते. वारुळाच्या पलीकडे ती एवढ्या जवळून गेली की तिचा दम लागलेला ऐकू आला. थांबली नाही. खोकलीसुद्धा नाही. बाईने काय जीव खाऊन पळ काढला माझ्यापासून! मला रडायला आलं.

दरवाजा लागला. गाडी सुरू झाली. आत्या खिडकीतून ओरडली, "आणि पत्र कोणी लिहून घेणार असेल तर चांगल्या अक्षराच्या माणसाकडून घ्यावं म्हणावं!"

मी तसाच बसून राहिलो. थोड्या वेळाने नाबुकेराने माझी बाही झटकली.

"उघड आता. गेली."

"नक्की?"

"वळणापलीकडे गेली."

"वळणावरून मागे बघितलं तर?"

"तिने तोंडावर शाल घेतलीये, ठार आंधळी होऊन बसलीये. उघड रे."

उघडले. ती हसत होती आणि मुंग्या वेचत होती.

बायारुगाबा म्हणाला, आता त्या दिवशी जीपमधे बसलेलं विसरायचं, ते झालंच नाही असं धरायचं. म्हणून मी सासूचा चेहरा विसरायला लागलो आहे. संध्याकाळपर्यंत कपाळ गेलं, डोळे गेले, हसताना दिसायचे ते दातही गेले. नाक तेवढं जात नाही. नाबुकेरा जेवण वाढते तेव्हा रोज समोर येतं.